पैसे भरले, पण फाइल उतरत नाही

दिवाळी अंकाची पीडीएफ, ब्लाउजच्या कटिंगचे पॅटर्न, गाण्याच्या शिकवणीचे ऑडिओ, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स. छोटे प्रकाशक, शिक्षक आणि कलाकार आज अशा फाइली स्वतःच्या वेबसाइटवरून थेट विकू लागले आहेत. यातल्या पुष्कळ साइट वर्डप्रेसवर असतात आणि दुकान वूकॉमर्स या प्लगिनवर चालते. एकदा बसवले की ते महिनोन्‌महिने निमूट चालते. मग एके दिवशी ईमेल येते, ‘पैसे भरले, पण लिंक उघडत नाही.’ हा लेख त्या दिवसासाठी आहे. हाताशी प्रोग्रामर नसताना ज्यांना दुकान स्वतःच सांभाळावे लागते, त्यांना डोळ्यासमोर ठेवून तो लिहिला आहे.

पहिले काम साइट उघडण्याचे नाही. ज्याने पैसे दिले आहेत, त्याला फाइल ईमेलने हाताने पाठवा आणि दिलगिरीच्या दोन ओळी लिहा. दुरुस्तीला तासही लागेल किंवा आठवडाही, तेवढा वेळ त्याला ताटकळत ठेवणे योग्य नाही. शिवाय ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे, असे ते सांगतात. फाइल पाठवतानाच तीन गोष्टी मागून घ्या: ऑर्डर क्रमांक, पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो, आणि लिंक कशावर उघडली, मोबाइलवर की संगणकावर. यातला फोटो सर्वांत मोलाचा. ‘उघडत नाही’ या दोन शब्दांमागे किमान सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात, आणि कोणता ते बहुतेक वेळा तो फोटोच सांगतो.

आता मुळाकडे. ग्राहकाला मिळालेली लिंक म्हणजे फाइलचा पत्ता असे आपण धरून चालतो, आणि लिंक बिघडली की फाइल पुन्हा अपलोड करून मोकळे होतो. वूकॉमर्सची लिंक फाइलचा पत्ता नसतेच. ती गोदामातून माल उचलण्याच्या चिठ्ठीसारखी असते. तिच्यात चार गोष्टी असतात: वस्तूचा क्रमांक, ऑर्डरची गुप्त किल्ली, खरेदीदाराच्या ईमेलची खूण आणि त्या फाइलला दुकानाने दिलेला ओळख-क्रमांक. लिंकवर बोट पडले की दुकान आपल्या परवान्यांच्या तक्त्यात या चारही गोष्टी जुळवून बघते. जुळल्या, तर मुदत आणि उरलेल्या डाउनलोडची संख्या तपासते. तेही ठीक असेल, तरच फाइल शोधायला जाते. म्हणजे बिघाड फाइलपर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी झालेला असू शकतो, आणि तसे असेल तर फाइल दहादा अपलोड करूनही काही बदलत नाही.

संदेश वाचायचा तो याच क्रमाने. ‘इनव्हॅलिड डाउनलोड लिंक’ अशा अर्थाचे काही असेल, तर चिठ्ठी आणि तक्ता जुळत नाहीत. मर्यादा संपली किंवा मुदत संपली, असे असेल तर परवाना आहे, पण वापरून झाला आहे. लॉग इन करायला सांगत असेल, तर सेटिंग्जमध्ये डाउनलोडसाठी लॉग इन सक्तीचे केलेले आहे आणि खाते असलेल्या ग्राहकाने लॉग इन केलेले नाही किंवा तो पासवर्ड विसरला आहे. ‘फाइल नॉट फाउंड’ किंवा ४०४ आले, तर परवाना बरोबर आहे, फाइल जागेवर नाही. ४०३ आले, तर फाइल आहे, पण सर्व्हर ती देत नाही. आणि फाइल उतरते, पण ‘डॅमेज्ड’ म्हणून उघडत नाही, हा निराळाच प्रकार. त्याकडे शेवटी येऊ.

काहींना लिंक मिळालेलीच नसते. वस्तू भरताना तुम्ही ‘डाउनलोडेबल’वर खूण केलेली असते, शेजारच्या ‘व्हर्च्युअल’वर करायची राहून जाते. मग दुकानाला वाटते, काहीतरी पार्सल पाठवायचे आहे. पैसे आले तरी ऑर्डर ‘प्रोसेसिंग’वर थांबते, आणि पैसे मिळताच परवाना देण्याचा पर्याय बंद असेल, तर परवाना निघत नाही. दोन्हींवर खूण असेल, तर पैसे येताच ऑर्डर आपोआप ‘कम्प्लीटेड’ होते. छापील अंक आणि पीडीएफ एकाच ऑर्डरीत असतील, तर मात्र ती प्रोसेसिंगवरच थांबणार. अशांसाठी सेटिंग्जमध्ये ‘प्रॉडक्ट्स’खालच्या ‘डाउनलोडेबल प्रॉडक्ट्स’मध्ये, पैसे मिळताच परवाना देण्याचा पर्याय चालू करा. पैसे कापले गेले आणि ऑर्डर मात्र ‘पेंडिंग’ दिसते, असे होत असेल, तर पेमेंट गेटवेचा निरोप तुमच्या साइटपर्यंत पोचत नाही. गेटवेच्या खात्यात जाऊन पैसे खरोखर जमा झाल्याची खात्री करा, मगच ऑर्डर हाताने पूर्ण करा. आणि गेटवेच्या खात्यात वेबहुकचा, म्हणजे हा निरोप जिथे पाठवला जातो तो, पत्ता बरोबर आहे का ते बघा. साइट एचटीटीपीएसवर गेल्यानंतर तो बदलायचा राहून जातो.

ईमेलचा पत्ता टाइप करताना ग्राहकाकडून एखादे अक्षर चुकते, हेही नेहमीचे आहे. ऑर्डर उघडून पत्ता दुरुस्त करा, ‘ऑर्डर ॲक्शन्स’मधून ‘रीजनरेट डाउनलोड परमिशन्स’ निवडा आणि मग ऑर्डरचा तपशील ग्राहकाला पुन्हा ईमेल करा. ईमेलची खूण लिंकमध्येच असते, त्यामुळे पत्ता बदलला की जुनी लिंक बाद होते. म्हणून हे तिसरे पाऊल विसरू नका.

आता त्या चुकीकडे, जिच्यामुळे एका दिवसात सगळेच जुने ग्राहक तोंडघशी पडतात. अंकात मुद्रणदोष सापडतो, तुम्ही सुधारित पीडीएफ तयार करता, वस्तूच्या पानावर फाइलींच्या यादीतली जुनी ओळ ‘डिलीट’ करता आणि ‘ॲड फाइल’ दाबून नवी भरता. दिसायला सगळे ठीक. पण फाइलचा ओळख-क्रमांक त्या ओळीला चिकटलेला असतो. ओळ गेली की क्रमांक गेला, आणि आधी विकलेल्या प्रत्येक प्रतीचा परवाना त्या जुन्या क्रमांकावर आहे. नवे ग्राहक खुशाल डाउनलोड करतात. जुन्यांना लिंक अवैध किंवा फाइल निश्चित नाही अशा अर्थाचा संदेश दिसतो, आणि तुमच्या पडद्यावर मात्र कसलाच इशारा येत नाही.

बरोबर रीत अगदी सोपी आहे. ओळ तशीच ठेवा, तिच्यातला फक्त फाइलचा पत्ता बदला. क्रमांक टिकतो, सगळ्या जुन्या लिंका चालू राहतात आणि त्याच लिंकवरून जुन्या वाचकांनाही सुधारित प्रत मिळते. ओळ आधीच पुसली गेली असेल, तर त्या वस्तूच्या ऑर्डरी एकेक उघडून परवाने पुन्हा काढावे लागतील. ऑर्डरी शेकड्यांत असतील, तर हे काम हाताने करू नका. जुन्या ऑर्डरींना परवाने वाटणारी प्लगिने मिळतात, किंवा जाणकाराकडून तासाभराचे काम करून घ्या. परवाने पुन्हा काढले की डाउनलोडची मोजणीही नव्याने सुरू होते, हे लक्षात असू द्या.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे जुना अंक दुकानातून काढायचा म्हणून ती वस्तूच कायमची पुसून टाकणे. वस्तू नसेल, तर तिची कुठलीही लिंक चालत नाही. विक्री थांबवायची असेल, तर ती कॅटलॉगमधून लपवा. ज्यांनी घेतला आहे, त्यांचा त्यावरचा हक्क शाबूत राहिला पाहिजे.

होस्टिंग किंवा डोमेन बदलल्यावर जे होते, ते फसवे असते. साइट नव्या पत्त्यावर दिसू लागते, चित्रे दिसतात, ऑर्डरी येतात, पण फाइलींचे पत्ते जुन्याच डोमेनचे राहिलेले असतात. जुने होस्टिंग चालू असेपर्यंत काहीच कळत नाही. त्याची मुदत संपली की सगळ्या लिंका एकदम मरतात. इथे पुष्कळजण डेटाबेसमध्ये थेट ‘शोधा आणि बदला’ चालवतात आणि दुखणे वाढवून ठेवतात. वर्डप्रेस या फाइलींची यादी साठवताना प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी आकड्यात लिहिते. डोमेनचे नाव दोन अक्षरांनी लांब झाले आणि आकडा जुनाच राहिला, तर ती यादी वाचता येत नाही आणि वस्तूतल्या फाइलीच नाहीशा झाल्यासारख्या दिसतात. ही लांबी सांभाळून बदल करणारी साधने वापरा. डब्ल्यूपी-सीएलआयमधली सर्च-रिप्लेस आज्ञा किंवा ‘बेटर सर्च रिप्लेस’ प्लगिन हे करते. आधी बॅकअप, मग काहीही न बदलता नुसती चाचणी (‘ड्राय रन’), मगच खरा बदल.

काही दुकानांत काहीही न बदलता, केवळ वूकॉमर्स अपडेट केल्यानंतर लिंका बंद पडलेल्या दिसतात. २०२२ मध्ये आलेल्या ६.५ आवृत्तीपासून वूकॉमर्सने मंजूर फोल्डरांची यादी ठेवायला सुरुवात केली. फाइल त्या यादीतल्या जागेवर नसेल, तर ती दिली जात नाही. सुरक्षेसाठी केलेली ही सोय चांगली आहे, पण जुन्या दुकानांत फाइली वाटेल तिथे ठेवलेल्या असतात. सेटिंग्जमध्ये ‘प्रॉडक्ट्स’खाली ‘अप्रूव्ह्ड डाउनलोड डिरेक्टरीज’ असे पान आहे. तिथे आपला फोल्डर आहे का आणि तो चालू आहे का ते बघा, नसेल तर जोडा. नियमच बंद करण्याचे बटणही त्याच पानावर दिसेल. ते दाबू नका.

फाइलींच्या नावांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ही अडचण इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सापडत नाही. आपण हौसेने फाइलला देवनागरी नाव देतो, आणि ते योग्यही वाटते. पण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि वेबच्या पत्त्यात त्याची नऊ अक्षरे होतात. लिनक्स सर्व्हरवर एका नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे फार तर ८५ चिन्हे. काना, मात्रा, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. लांबलचक शीर्षक जसेच्या तसे नाव म्हणून दिले, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

याहून चकवणारे आहे ते मराठीतले ‘ऱ’. ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रत’ असे नाव घ्या. यातला ‘ऱ’ संगणकात एकच चिन्ह म्हणून साठवता येतो, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणूनही. जुन्या मॅक संगणकांची फाइलव्यवस्था आपण टाइप केलेल्या एकसंध चिन्हाची अशी फोड करून ठेवत असे. शिवाय काही कीबोर्ड हेच अर्धे रूप ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून उमटवतात. डोळ्यांना तिन्ही सारखी दिसतात, सर्व्हरच्या लेखी मात्र ती तीन वेगळी नावे आहेत. फाइल एका रूपात चढवली आणि पत्ता दुसऱ्या रूपात टाइप केला, तर समोर फाइल दिसत असूनही ‘फाइल नॉट फाउंड’ येते. माणूस अक्षर न्‌ अक्षर ताडून बघतो आणि त्याला फरक सापडत नाही.

म्हणून सर्व्हरवरच्या फाइलचे नाव साध्या लहान रोमन अक्षरांत आणि अंकांत ठेवा. मधे मोकळी जागा नको, लागेल तिथे आडवी रेघ द्या. अक्षरे लहानच का, तर विंडोजला लहान-मोठ्या लिपीतला फरक चालतो, लिनक्सला चालत नाही. पीडीएफ हा प्रत्यय एका जागी मोठ्या आणि दुसऱ्या जागी लहान लिपीत असेल, तर त्या दोन निराळ्या फाइली ठरतात. मराठी नावाची हौस भागवायला वूकॉमर्समध्ये वेगळी जागा आहे: ग्राहकाला दिसणारे नाव आणि फाइलचा पत्ता हे दोन स्वतंत्र रकाने असतात. पहिल्यात हवे तितके सुंदर देवनागरी लिहा.

जागा वाचवण्यासाठी अनेकजण फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवतात आणि शेअरची लिंक वस्तूत चिकटवतात. ती लिंक फाइलची नसते, फाइल दाखवणाऱ्या पानाची असते. दुकान ते पानच उतरवून ग्राहकाच्या हाती देते. थेट डाउनलोडची लिंक वापरली, तरी मोठ्या फाइलीला व्हायरस तपासता येत नसल्याची सूचना मधे येते, आणि एका दिवसात फार मागणी झाली, तर ड्राइव्ह काही काळ डाउनलोड बंद करते. दिवाळीच्या आठवड्यात नेमके हेच व्हायचे. विक्रीसाठी ड्राइव्ह वापरू नका, असे मी स्पष्टच सांगेन. ड्रॉपबॉक्सच्या लिंकच्या शेवटी शून्य असेल, तर तिथे एक लिहिले की फाइल थेट उतरते. ॲमेझॉन एस३ वर फाइल ठेवणाऱ्यांनी सही केलेली तात्पुरती लिंक वस्तूत चिकटवू नये, कारण ती जास्तीत जास्त सात दिवस चालते. आठवडाभर सुरळीत, आठव्या दिवशी बंद, असा तक्रारींचा क्रम दिसला की आधी हेच तपासा.

४०३ येत असेल, तर त्यामागे बहुधा डाउनलोडची पद्धत असते. वूकॉमर्समध्ये अशा तीन पद्धती आहेत. ‘फोर्स डाउनलोड्स’मध्ये फाइल पीएचपीमधून पाठवली जाते. छोट्या पीडीएफला हे उत्तम, पण पाचशे एमबीचा व्हिडिओ स्वस्त होस्टिंगवर अर्ध्यातच तुटतो, कारण पीएचपीला वेळेची आणि मेमरीची मर्यादा घातलेली असते. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे ‘एक्स-सेंडफाइल’मध्ये, परवाना दुकान तपासते आणि फाइल सर्व्हर स्वतः पाठवतो. मोठ्या फाइलींसाठी हीच निवडा, मात्र होस्टिंगवाल्याने आपल्या सर्व्हरवर ती सोय चालू केलेली असावी लागते. त्याला थेट विचारा. तिसरी ‘रीडायरेक्ट’, जी ग्राहकाला फाइलचा खरा पत्ताच देऊन टाकते. तो पत्ता व्हॉट्सॲपवर फिरला की तुमची विक्री संपली. लिंक चालत नाही म्हणून घाईने ‘रीडायरेक्ट’ निवडण्याचा मोह होतो. एका ग्राहकाची अडचण सोडवायला सगळे दुकान उघडे टाकू नका.

अपाचे सर्व्हरवर वूकॉमर्स आपल्या अपलोड फोल्डरात थेट प्रवेश नाकारणारी एक छोटी फाइल ठेवते. बॅकअपमधून साइट पुन्हा उभी केली किंवा पद्धत बदलली, की ती फाइल आणि सध्याची पद्धत यांचा मेळ कधीकधी बसत नाही. डाउनलोडच्या सेटिंग्जचे पान उघडून पुन्हा ‘सेव्ह’ करून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागते. एन्जिनएक्स सर्व्हर मात्र ती फाइल वाचतच नाही. तिथे उलटा धोका असतो, कोणीही पत्ता टाइप करून फाइल उतरवू शकतो. तुमचा सर्व्हर एन्जिनएक्स असेल, तर तो फोल्डर बंद करण्याचा नियम होस्टिंगवाल्याकडून आजच घालून घ्या.

फाइल उतरते, पण उघडत नाही, तेव्हा ती बिघडलेली फाइल ग्राहकाकडून मागवा आणि नोटपॅडमध्ये उघडा. चांगल्या पीडीएफच्या अगदी सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरे असतात. झिपच्या सुरुवातीला पी आणि के. त्याऐवजी वेबपानाचा कोड दिसला, तर दुकानाने फाइलऐवजी एखादे पान पाठवले आहे. कोणते, ते त्यातलाच मजकूर सांगेल. आधी रिकाम्या ओळी किंवा पीएचपीचा एखादा इशारा आणि मग बरोबर मजकूर, असे दिसले, तर थीममधल्या किंवा प्लगिनमधल्या कोडने मधे घाण टाकली आहे. इशारे पडद्यावर छापणे बंद करा आणि प्लगिने एकेक करून थांबवून बघा. फाइल मधेच संपलेली असेल, तर वर सांगितलेली वेळेची मर्यादा आडवी आली आहे.

मुदत आणि मर्यादा यांवर माझे मत ठाम आहे. पीडीएफला तीन डाउनलोड आणि सात दिवस अशी अट घातल्याने चोरी थांबत नाही. मोबाइलच्या अपुऱ्या रेंजमध्ये तीनदा प्रयत्न करणारा प्रामाणिक वाचक तेवढा अडतो. शिवाय काही कार्यालयांची ईमेलव्यवस्था सुरक्षा तपासणीसाठी लिंक स्वतःच उघडून बघते, आणि माणसाने हात लावण्याआधीच एक डाउनलोड खर्ची पडू शकते. हे रकाने रिकामे सोडावेत. एखाद्याची मर्यादा आधीच संपली असेल, तर त्याच्या ऑर्डरीतल्या परवान्याच्या चौकटीत आकडा वाढवता येतो. तिथेच लिंक कॉपी करण्याचे बटण आहे, ती लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालते.

काही तक्रारींत बिघाड काहीच नसतो. व्हॉट्सॲपमधून किंवा ईमेलच्या ॲपमधून लिंक उघडली की फाइल उतरते, पण गेली कुठे ते कळत नाही. आयफोनवर ती ‘फाइल्स’ ॲपमधल्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरात जाते, अँड्रॉइडवरही ‘डाउनलोड्स’मध्ये. ऑर्डरीच्या ईमेलमध्ये हे एका वाक्यात लिहून ठेवा. वयस्क वाचकांना त्याचा खूप आधार होतो.

दुरुस्ती झाली की ॲडमिन म्हणून लॉग इन केलेल्या ब्राउझरात तपासून समाधान मानू नका. शंभर टक्के सवलतीचे कूपन तयार करा, इनकॉग्निटो विंडोत दुसऱ्या ईमेलने खरी ऑर्डर द्या, आलेली लिंक मोबाइलवर, वायफाय बंद करून उघडा आणि फाइल शेवटच्या पानापर्यंत चाळा. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर आणि नवा अंक विक्रीला ठेवण्याच्या आदल्या दिवशी हे करायचे. मग ऑर्डरींच्या यादीतून बिघाडाच्या काळातले सगळे खरेदीदार शोधा. तक्रार करणाऱ्या एकामागे गप्प राहिलेले अनेक असतात. त्या सगळ्यांना नवी लिंक पाठवा, काय झाले होते ते दोन ओळींत सांगा, आणि फाइल मिळाली नाही तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा तेही लिहा.